पेवाचा वास

जालना रोडवरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. गाडी तळघरात लावायची. मागच्या आठवड्यात स्कूटीवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि तिथेच उभी राहिले. ओल्या सिमेंटचा, गरम टायरचा, कोंडलेल्या हवेचा वास आला होता. बहुतेक मी डोळेही मिटले असावेत, कारण वॉचमन चाचा खुर्ची सोडून जवळ आले.

"क्या मॅडम, चक्कर आ रही क्या?"

"नहीं चाचा, ऐसेच."

"ऐसेच कोई पार्किंग में खडा रहता क्या? उप्पर जाओ, उप्पर हवा है."

मी वर गेले. वास जवळपास तोच होता, पण तोच नव्हता. त्यात लोखंड नव्हतं.

मला आठवतो तो वास कलकत्त्याच्या जुन्या भुयारी रेल्वेचा आहे. मी तिथे तीन वर्षं होते. इथे कुणी विचारलं की तिकडचं काय आठवतं, तर मी मिठाई सांगते. लोकांना तेवढं पुरतं आणि मलाही बरं पडतं. एकदा एका चुलत बहिणीला खरं सांगून बघितलं, तर तिने लगेच विचारलं, "कसला वास?" तिथे माझी मराठी संपली. मी इंग्रजी शाळेत शिकले. वासाला माझ्याकडे मराठीत चांगला आणि घाण एवढे दोनच शब्द होते.

आता सांगायचा प्रयत्न करते. जिन्याच्या पहिल्या काही पायऱ्यांवर रस्त्याचाच वास असायचा, तळणीचा, बसच्या धुराचा. मग एका पायरीवर तो बदलायचा. आधी ओली भिंत. मग घासलेलं लोखंड, आणि त्याच्या मागे काहीतरी जळकं, किंचित गोड, तापलेल्या वायरीसारखं. गाडी दिसायच्या आधी बोगद्यातून गरम वारा यायचा आणि हे सगळं एकदम तोंडावर आणून टाकायचा. मग दिवे दिसायचे. तेव्हा अजून काही जुने डबे धावत होते, एसी नसलेले. त्यांच्या खिडक्या उघड्या, छताला पंखे, आणि धडधड एवढी की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. म्हणून कुणी बोलत नसे. मला ते सोयीचं होतं.

शालेय पुस्तकांची प्रुफं तपासायचं काम होतं. शहराच्या दक्षिणेला एका काकूंच्या घरात भाड्याची खोली, आणि तिथून ऑफिसपर्यंत पंचवीस मिनिटं जमिनीखालून. कलकत्त्यात माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. कुणी फारसं वागलंच नाही. काकूंना फक्त बंगाली यायची, मला त्यातले वीसेक शब्द. ऑफिसात सगळे जेवायच्या सुट्टीत भराभर बंगाली बोलायचे, मध्येच माझी आठवण होऊन एखादं वाक्य इंग्रजीत सांगायचे आणि पुन्हा आपल्या भाषेत जायचे. मी हसायचे. रविवारी संध्याकाळी कधीतरी लक्षात यायचं की सकाळपासून आपण आपला आवाज ऐकलेला नाही. मग मी काही काम नसताना चालत स्टेशनवर जायचे, दोन स्टेशनं पुढे जाऊन परत यायचे. जिन्याच्या त्या ठरावीक पायरीवर वास आला की कुणीतरी ओळख दिल्यासारखं वाटायचं.

पहिल्या वर्षाच्या शेवटी घरून परत यायचा लकडा सुरू झाला. मम्मी फोनवर म्हणायची, "काय ठेवलंय त्या कलकत्त्यात? इथं क्लासेसचं नुसतं पेव फुटलंय. शिकव की एखाद्या ठिकाणी इंग्लिश."

शेवटी पप्पांनी फोन हातात घेतला. पप्पा मोजकं बोलतात. "मी येऊन बघतो," ते म्हणाले. "पटलं तर राहा. नाय पटलं तर माझ्यासंगंच निघायचं."

मला राहायचं होतं. का, ते पप्पांना सांगता आलं नसतं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं हे जेवढं अवघड होतं, तेवढंच मला ते हवंही होतं. घरी मी कुणाची तरी लाजरी मुलगी होते. बोलत नाही, घाबरते, हिचं कसं होणार. कलकत्त्यात मी रोज एकटी त्या जिन्यावरून खाली जात होते आणि दुसरीकडून वर येत होते.

पप्पा मनमाडला गाडी बदलून, दीड दिवस प्रवास करून आले. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि स्टीलच्या डब्यात मम्मीने दिलेली धपाटी. सामान होतं म्हणून स्टेशनवरून आम्ही टॅक्सीने आलो. त्यांनी खोली पाहिली, खिडक्या मोजल्या, दोन आहेत म्हणाले. काकूंना हात जोडले. काकूंनीही जोडले. दोघांनी आपापल्या भाषेत एकमेकांची चौकशी केली आणि दोघांचं समाधान झालं. काकूंचा नंबर त्यांनी स्वतःच्या फोनमध्ये घातला. इथवर सगळं ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ऑफिस दाखवायला निघाले. खरं तर ऑफिसपेक्षा मला गाडी दाखवायची होती. जिना उतरताना मी पुढे, ते मागे. सातव्या-आठव्या पायरीवर माझं मनगट धरलं गेलं. पप्पा थांबले होते. एक हात कठड्यावर, मान वर केलेली.

"पेव उघडलंय का हितं?"

"काय?"

"पेव. वास यायलाय."

"पप्पा, हा इथलाच वास आहे. चला ना, गाडी येईल."

"तू हो पुढं," ते म्हणाले, पण मनगट सोडलं नाही. मागे लोक अडले. कुणीतरी म्हणालं, "एगोन दादा, एगोन." पुढे व्हा. पप्पा मागे वळले आणि गर्दीच्या उलट दिशेने वर चढायला लागले, मला ओढत. वर आल्यावर बघितलं तर त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि जानेवारी चालू होता.

आम्ही बसने गेलो. पंचवीस मिनिटांच्या जागी सव्वा तास. मी रागावले होते आणि मला लाजही वाटत होती. ही लाज जुनी होती. पप्पा लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. थंडीत एसटीच्या खिडकीची काच लावू देत नाहीत. मागचे प्रवासी ओरडतात आणि ते ऐकू न आल्यासारखं करतात. घरी त्यांच्या खोलीचं दार लावलेलं मी कधी पाहिलं नाही. शाळेत असताना मला वाटायचं, ही गावाकडची सवय आहे. कन्नडच्या पुढे शेत आहे आमचं, तिथे वाढलेली माणसं अशीच असतात, असं मी ठरवून टाकलं होतं.

बसमधून उतरल्यावर आम्ही चहा घेतला. मातीची खुलडी हातात घेऊन मी विचारलं, "पेव म्हणजे काय, पप्पा?"

"तुला पेव म्हायती नाय?"

"पेव फुटलं म्हणतात ना. मला वाटायचं, गळू असेल काहीतरी. फुटतं म्हणून."

ते इतके हसले की चहा सांडला. "एवढी इंग्लिश शाळा, आन पेव म्हंजी गळू!" मग रुमालाने शर्ट पुसता पुसता त्यांनी सांगितलं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. वर तोंड एवढंसं, आत पोट मोठं. कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचं. दोन-दोन वर्षं ज्वारी आत राहायची.

"आन उघडलं की लगीच उतरायचं नाय. आत वारं कोंडलेलं असतंय. एक दिस उघडं ठिवायचं. मग कंदील सोडायचा दोरीनं. कंदील इझला तर कुणी उतरायचं नाय."

"आणि तुम्ही उतरायचात?"

"मी किरकोळ अंगाचा. तोंडातून नीट जायचो. कमरंला दोर बांधायचे. वर थोरले चुलते असायचे, त्ये हाक मारत राहायचे. एक हाक, खालून एक ओ. ओ आला नाय की दोर वढायचा."

त्या वर्षी पोळ्याच्या गडबडीत कंदील सोडायचा राहिला. पप्पा बारा वर्षांचे होते. त्यांनी दोन ओ दिले. तिसरा आला नाही.

"मग?"

"मग काय? वढलं वर. हाय की तुझ्या म्होरं." त्यांनी खुलडं रिकामं केलं. "मला बाकी काय ध्यानात नाय. वास तेवढा ध्यानात हाय. उबट."

"कुबट?"

"कुबट येगळं. वलं कापड पेटीत राहिलं की येतो, तो कुबट. उबट म्हंजी कोंडलेला, गरम. धान्य आत दम घेत असतंय ना, त्याचा."

मला पंधरा महिने जो शब्द मिळत नव्हता तो असा मिळाला. आणि मग मी, जी सहसा असं काही बोलत नाही, बोलून गेले.

"मला आवडतो तो वास."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "त्यात आवडण्यासारखं काय हाय?"

मी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"रोज दोनदा उतरतीस?"

"हो."

"एकटी?"

"पप्पा, हजारो माणसं असतात."

"त्ये बघितलं मी. एकटीच ना?"

मी खाली बघत खुलड्याच्या कडेची माती नखाने काढत बसले. मला वाटलं, संपलं. आता हे मला घेऊन जाणार.

पुढचे दोन दिवस आम्ही बसनेच फिरलो. परत जायच्या दिवशी सकाळी चप्पल घालत पप्पा म्हणाले, "चल. एक टेशन जाऊन येऊ."

जिन्याच्या तोंडाशी ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, धीर होत नाहीये. मग लक्षात आलं की ते वर येणाऱ्यांकडे बघत होते. कॉलेजची मुलं, पिशवीवाल्या बायका, काठी टेकत चढणारे एक आजोबा. "समदे येतायत वर," ते स्वतःशीच म्हणाले आणि उतरायला लागले. या वेळी त्यांनी माझा हात धरला नाही, दोन्ही हातांनी कठडा धरला. फलाटावर रुमाल नाकाला लावून उभे राहिले. बोगद्यातून वारा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. गाडीत दाराजवळ उभे राहिले, आणि एका स्टेशनाच्या त्या दोन मिनिटांत त्यांनी दोनदा माझ्याकडे बघून ओठ हलवले. गाडीच्या धडधडीत ऐकू आलं नाही, पण माझं नाव होतं. पहिल्यांदा मी नुसती मान हलवली. दुसऱ्यांदा मी ओरडून म्हणाले, "ओ!" डब्यातल्या चार माणसांनी वळून बघितलं.

वर आल्यावर ते पाणी प्यायले, त्यांनी तोंड धुतलं आणि सांगितलं, "राहा. पण वर आलीस की मला ओ द्यायचा. रोज. दोन्ही टायमाला."

असं ते सुरू झालं. रोज सकाळी नऊ पस्तीसला शेवटची पायरी चढली की मी मोबाइलवर एक अक्षर पाठवायचे: ओ. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा: ओ. उत्तरादाखल पप्पांचा मिस्ड कॉल यायचा. त्यांना टाइप करायचा कंटाळा. मम्मी सांगायची, साडेनऊ झाले की हे फोन हातात घेऊन अंगणात जातात, चहा गार होतो. कधी मला त्याचा वैताग यायचा. गर्दीत लोक मागून ढकलत असायचे आणि मी बाजूला उभी राहून ते अक्षर शोधत असायचे. पण दिवसभरात मराठीत लिहिलेलं माझं तेवढंच असायचं, हेही खरं.

आठ-नऊ महिने एकही दिवस चुकला नाही.

मग एका शनिवारी सकाळी डब्यात ऑफिसमधली एकजण भेटली. ती पुस्तकांसाठी चित्रं काढायची. आमचं बोलणं तोवर कामापुरतं होतं. त्या दिवशी तिच्या हातात मी तपासलेलंच पान होतं, आणि त्यात तिने काढलेल्या बैलाला चुकून पाच पाय झाले होते. मी पान तपासलं होतं आणि मलाही ते दिसलं नव्हतं. आम्ही दोघी हसायला लागलो. गाडीच्या धडधडीत ओरडून ओरडून बोललो. जिना चढतानाही बोलत होतो, रस्ता ओलांडतानाही. शनिवारी ऑफिस एक वाजता सुटायचं. ती म्हणाली, "आज माझ्या घरी जेव. आईने खिचडी केलीय." मी हो म्हणाले. तीन वर्षांत मला असं कुणी बोलावलं ते एकदाच.

फोन पिशवीत होता, आवाज बंद केलेला. चार वाजता तिच्या आईला आमच्या घराचा फोटो दाखवायला म्हणून मी तो बाहेर काढला. पप्पांचे एकोणतीस मिस्ड कॉल, मम्मीचे अकरा.

मी लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कुठायस?"

"पप्पा, सॉरी. मैत्रिणीकडे आलेय. जेवायला."

पलीकडे लाउडस्पीकरवर कुठल्यातरी गाडीची घोषणा चालू होती.

"तुम्ही कुठे आहात?"

"मनमाडला."

"मनमाडला कशाला?"

"तुझ्याकडंच निघालो हुतो. तुझ्या काकूला फोन लावला. ती बाई म्हनली, ओ नाय. दोन-तीनदा इचारलं. दर खेपंला त्येच. ओ नाय, ओ नाय."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. काकू म्हणाल्या असणार, "ओ नेई." बंगालीत त्याचा अर्थ एवढाच की ती घरी नाहीये. शनिवारी दुपारी मी घरी नव्हते, हे त्यांनी खरंच सांगितलं होतं. पप्पांनी ऐकलं ते वेगळं. हजार मैलांवरच्या एका अनोळखी बाईने त्यांना त्यांच्याच शब्दांत सांगितलं होतं की खालून ओ येत नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पायात चप्पल घातली आणि स्टँडवर गेले.

मी त्यांना समजावून सांगितलं. ते हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मी फोन कानाला धरून, दुसऱ्याच्या घरात, तिच्या आईसमोर उभी राहून तो ठसका थांबायची वाट बघत राहिले. त्या क्षणी ते "ये घरी" म्हणाले असते तर मी सोमवारीच निघाले असते.

"मैत्रीण कुठली गं?" त्यांनी विचारलं.

"ऑफिसमधली. सकाळी गाडीत भेटली. बोलत बोलत वर आलो आणि विसरले."

"बोलत वर आलीस?"

"हो."

"बरं. मग आता ओ नको देत जाऊ."

"का? पप्पा, मी उद्यापासून नक्की..."

"नको. संगं माणूस असल्यावर मधीच थांबून कुठं फोन काढत बसतीस? बोलणं तुटंल." मग म्हणाले, "जेवलीस ना पोटभर? ठिव."

ते मनमाडहूनच परत फिरले. मम्मीने नंतर सांगितलं की पाचची गाडी त्यांनी जाऊ दिली आणि फलाटावर बसून राहिले, साडेसातच्या गाडीने आले. का थांबलात म्हणून तिने विचारलं तर म्हणाले, उगाच.

त्या दिवशी गाडीत मला वास आला नव्हता, हे मला रात्री खोलीवर आठवलं. पंचवीस मिनिटं मी त्यातच होते, आणि एकदाही आला नव्हता.

दोन महिन्यांनी ती मैत्रीण बेंगळुरूला गेली, दुसरी नोकरी मिळाली म्हणून. सुरुवातीला आम्ही एकमेकींना लिहायचो, मग सणावारी, मग नाही. मी पुन्हा एकटी जिना उतरायला लागले आणि त्याच पायरीवर वास यायला लागला, पहिल्यासारखाच. सकाळी नऊ पस्तीसला मी वर यायचे. फोन वाजायचा नाही. ओ नको म्हटलेलं पप्पांनी पाळलं होतं. मीही ओ पाठवला नाही. पाठवला असता तर त्यांना कळलं असतं की सोबत कुणी नाही. रविवारी फोनवर ते विचारायचे, "मैत्रीण असते ना गाडीत?" आणि मी म्हणायचे, "असते."

दहा महिने मी हे सांगत राहिले. मग ऑफिसने ते काम बंद केलं आणि मी इथे परत आले.

आता आम्ही एकाच घरात राहतो. मी साडेनऊला स्कूटी काढते तेव्हा पप्पा अंगणात पेपर वाचत असतात आणि मान वर करत नाहीत. परवा जेवताना त्यांनी अचानक विचारलं, "ती तुझी कलकत्त्याची मैत्रीण काय म्हणते? तिला एकदा वेरूळला आण म्हणावं. तू तिकडं होतीस तवा तिच्यामुळं मला झोप लागायची."

"बरी आहे," मी म्हणाले, आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढली.